कान न तुटणारा चंबू

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, या पोट्ट्याच्या बुडाखाली विस्तव ठेवलाय कुणीतरी. कुंभाराला हा अवगुण परवडत नाही, कारण चाकाने फिरायचं आणि माणसाने बसायचं अशी आमच्या धंद्यातली वाटणी आहे. मी चाकापेक्षा जास्त फिरलो. आज माझ्या घराच्या भिंती चंबू, सुरया आणि झाऱ्यांनी भरल्या आहेत, थोड्या माझ्या हातच्या, पुष्कळशा दुसऱ्यांच्या, आणि येणारे-जाणारे विचारतात की हा नाद कुठून लागला. मी प्रत्येकाला काहीतरी वेगळं सांगून वाटेला लावतो. खरं सांगायचं तर निवांत बसावं लागतं, आणि तेच मला जमत नाही.

मिसरूड फुटायच्या आत मी घर सोडलं होतं. आमच्या गावापासून जऊळक्याचं स्टेशन चालत जाण्याइतकं. गाडीची शिट्टी ऐकली की माझे पाय आपोआप शिवशिवायचे. एक दिवस गेलो, छोट्या गाडीत बसलो, अकोल्याला गाडी बदलली आणि नागपूरकडच्या एका चिनीमातीच्या कारखान्यात लागलो. तिथे पाण्याचे पांढरे जग साच्यातून निघायचे आणि माझं काम त्यांना कान चिकटवायचं. कान म्हणजे धरायची मूठ. दिवस उगवला की कान आणि मावळला तरी कानच. दोन-तीन वर्षांत मी स्वतःला मोठा कारागीर समजायला लागलो आणि गावाकडे जाणं जवळजवळ सोडलं. गेलो तरी आईच्या हातची भाकर खायची, बापाशी दोन गोष्टी बोलायच्या आणि परतीच्या गाडीची वेळ विचारायची, एवढंच.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती तेव्हा बाप गेला. निरोप माझ्यापर्यंत उशिरा आला. मी पोचलो तोवर राखही सावडून झाली होती. घरात शिरण्याआधी परसात गेलो, तर तिथे खापरांचा ढीग. घरात माणूस गेलं की वापरातली मातीची भांडी बाहेर काढून फोडायची, ही आमच्याकडची रीत. सगळ्यांच्या घरची रीत कुंभाराच्या घरालाही लागू. पण इतरांचं चार मडक्यांत भागतं. आमचं अख्खं घरच मातीचं होतं. पाण्याचे माठ, डाळीची गाडगी, दह्याचं बोळकं, सगळं बापाच्या हातचं, सगळं फोडून टाकलेलं. त्याने जन्मभर केलेल्या कामातलं एकही भांडं त्याच्या स्वतःच्या घरात शिल्लक राहिलं नव्हतं. मला इतका संताप आला की मी त्या ढिगाला लाथ मारली आणि पायाला खापर लावून घेतलं. आईने जखमेवर हळद चेपली.

तेरवीला केनवडचा एक म्हातारा शेतकरी आला होता. बापाचा जुना गिऱ्हाईक. जेवण झाल्यावर सुपारी कातरत तो म्हणाला, "कुंभारदादाच्या चंबूची गोष्टच अलग होती बाप्पा. बैलबंडीच्या साटीले कानानं टांगा, नाल्यातून हाका, धोंड्यावरून हाका, कान काही तुटे नाही. तू तं म्हने कानाच्याच फॅक्टरीत हायेस. येते काय तुले तसा कान?"

चार माणसं बसलेली होती. मी म्हणालो, "त्यात काय हाय? एका उन्हाळ्यात करून दाखवतो. एक कान धड बसला की मी गेलोच समजा."

आई दाराआड बसून ऐकत होती. कारखान्याच्या मुकादमाने पाऊस लागेपर्यंत माझी जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं. म्हणजे एवढाच मामला होता. बापाच्या चंबूसारखा कान बसवायचा, म्हाताऱ्याचं तोंड बंद करायचं आणि जऊळक्याची गाडी धरायची. आईचं काय, हा विचार मी तेव्हा केला नाही. ती होती, घरात असते तशी होती.

हे कानाचे चंबू मी घरी असताना होत नव्हते. तेव्हा बाप घागरी, रांजण आणि कौलं करायचा. शेतात न्यायचा, निमुळत्या गळ्याचा, बंडीला टांगायचा कानाचा चंबू त्याने मी गेल्यानंतर सुरू केला आणि आजूबाजूच्या गावांत त्याचं नाव झालं. मग शेवटची काही वर्षं ते करणंही बंद केलं. का बंद केलं, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"माय, चंबू कायले सोडले बाबानं?" मी विचारलं.

"मन उठलं," ती म्हणाली.

"कान कसा लावत होते ते तं पाह्यलं असशीन?"

"त्याइले कान लावताना म्या कधीच पाह्यलं नाही," आई म्हणाली आणि मातीत पाणी शिंपायला लागली.

मी म्हटलं, हिला काय विचारायचं. ही माती तुडवणार, राख चाळणार, गाढवांना पेंढी टाकणार. चाकाला बायकांनी हात लावायचा नाही, हा आमच्यातला नियम, तेव्हा तिला चाकावरचं काय कळणार. मी कामाला लागलो.

पहिल्या खेपेचे कान उन्हातच गळून पडले. दुसऱ्या खेपेला मी मातीत गाढवाची लीद वाढवली, तर ते भट्टीत तडकले. मग राख वाढवली, बारीक रेती घातली, कान ओला ठेवला, कान सुकवला, कारखान्यातल्यासारखा पातळ चिखल लावून चिकटवला. पांढरी माती माझं ऐकायची. ही तळ्याच्या गाळाची काळी माती ऐकेना. पालथ्या घड्यावर पाणी. मी चाक सोडून अंगणात फेऱ्या मारायचो, पुन्हा बसायचो, पुन्हा उठायचो. आई दोन्ही वेळा माती मळून द्यायची, माझ्या शिव्या ऐकून घ्यायची आणि भट्टीत गोवऱ्या रचायची. खरं सांगतो, त्या दिवसांत ती मला खुशीत दिसायची, आणि त्याचाही मला राग यायचा. माझं डोकं फुटायची वेळ आली होती आणि हिला भाकरीबरोबर तेलातला ठेचा करायचं सुचत होतं.

शेवटी एका खेपेचे चंबू भट्टीतून कानांसकट निघाले. मी हुरळलो, गाढवावर लादले आणि केनवडच्या बाजारात नेले. दिसायला देखणे होते. हातोहात खपले. पुढच्या बाजाराला मी पुन्हा गेलो, तर माझ्या आधी बायाच येऊन बसलेल्या. एकीने चंबू माझ्यासमोर ठेवला आणि कान माझ्या मांडीवर टाकला.

"हा घे तुहा कान. बंडी गावाबाहेर निघाली नाही तं गळाला."

दुसरीने पदराच्या गाठीतून आणखी एक कान काढला. "अन् हा माह्या घरचा. जोडी लाव."

बाजार हसायला लागला. कुणीतरी मला कानफाट्या म्हणालं, आणि एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं. त्या उन्हाळ्यात केनवडला मला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. पैसे परत केले ते निराळेच. येताना वाटेतल्या नाल्यात सगळे तुटके कान भिरकावले आणि ठरवलं की आता बापाचाच एखादा चंबू शोधून काढायचा. त्याच्याकडे बघितल्याशिवाय हे कळायचं नाही.

मला वाटलं होतं सोपं आहे. एवढे चंबू विकले गेले, कुठेतरी एक असेलच. पण मातीचं भांडं टिकत नाही. जे टिकतं ते घरच्या हातून फुटतं, ग्रहण लागलं की फेकतात, माणूस गेलं की फोडतात. मी गावोगाव हिंडायला लागलो. बरोबर कोरी गाडगी घ्यायचो आणि दारात उभा राहून विचारायचो, जुना कानाचा चंबू आहे का, द्या, नवं गाडगं घ्या. आता जुनं, उष्टं, दुसऱ्याच्या घरचं मडकं कोण मागतो? ज्याला करणी करायची आहे तोच. एका गावात म्हातारीने माझ्या अंगावर राखेची मूठ फेकली. दुसऱ्या गावात दोघं जण वेशीपर्यंत माझ्या मागे आले आणि मी गेलो याची खात्री करून परतले. "कुंभाराचा पोट्टा बापाच्या मागं बिघडला," हे आमच्या गावात पोचायला वेळ लागला नाही.

बापाचा चंबू मिळेना, पण दुसरंच काही हाताला लागत गेलं. एका कलईवाल्याने त्याच्या घरचा तोटीचा मातीचा बदना दिला, त्याची तोटी बगळ्याच्या मानेसारखी वळलेली. एका गावच्या कुंभाराने लांब गळ्याची सुरई दिली, तिच्या पोटावर बोटांनी ओढलेल्या लाटा होत्या. जऊळक्याच्या स्टेशनवर रेल्वेच्या एका खलाशाकडून टवके उडालेला तामचिनीचा जग मिळाला. प्रत्येकाचा गळा निराळा, ओठ निराळा, पाणी ओतायची तऱ्हा निराळी. मी घ्यायला गेलो होतो एक आणि आणत होतो दहा. आई त्यांना घरात येऊ देईना. म्हणे, कोणाकोणाचं उष्टं कायले घरात आणतं? म्हणून मी ते लिंबाखाली भट्टीच्या कडेला मांडले. संध्याकाळी त्यांच्यासमोर उकिडवा बसून राहायचो. पाहता पाहता एवढं कळलं की कुंभार मेला तरी त्याचा हात भांड्यात राहतो. मग बापाचा हात कुठे गेला, या विचाराने मला झोप लागेनाशी झाली.

रामनवमीला पोहरादेवीची यात्रा असते. तांड्यातांड्यांवरून बंजारे येतात, बंड्यांची रीघ लागते आणि एवढ्या माणसांना पाण्याला भांडी लागतात. मी घागरी आणि माठ घेऊन गेलो. कान नसलेला माल, त्यामुळे मला कुणी हसलं नाही आणि दुपारपर्यंत सगळा खपला. परतताना एका झाडाखाली बंडी सोडून बसलेलं बंजाऱ्यांचं कुटुंब दिसलं. म्हातारी बाई, हातभर पांढऱ्या बांगड्या. तिच्या बंडीच्या साटीला, म्हणजे बाजूच्या चौकटीला, कानाने टांगलेला एक चंबू होता.

मी जागीच थांबलो. बापाच्या भांड्याच्या गळ्याखाली नखाने ओढलेली एक रेघ असायची, शेवट न जुळलेली. तो घाईचा होता, शेवटापर्यंत कधी न्यायचा नाही. ती रेघ मला लांबूनच दिसली.

म्हातारी म्हणाली, "काय पाह्यतं बे?"

मी तिला याडी म्हटलं. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. सांगितलं की हा माझ्या बापाच्या हातचा आहे, बाप गेला, घरात त्याचं एकही भांडं उरलं नाही. करणीचा संशय येऊ नये म्हणून एका दमात सगळं बोललो. तिने चंबू खाली उतरवला. त्यात पाणी नव्हतं, बियाणं होतं, तिळाचं. दर साली तेच भरून ठेवायची, म्हणून तो टिकला होता. तिने ओढणी पसरली, सगळे तीळ त्यात ओतले आणि रिकामा चंबू माझ्या हातात दिला.

"बापाचा हाय तं घेऊन जाय. आमाले दुसरा भेटन," ती म्हणाली.

तिला बदल्यात द्यायला माझ्याकडे भांडं उरलं नव्हतं, सगळा माल विकून बसलो होतो. पैसे पुढे केले तर तिने हात झटकला. तो चंबू मी घरापर्यंत पोटाशी धरून आणला.

आईने तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, बापाची आठवण आली. तिने तो घरातही येऊ दिला, देवळीजवळ ठेवला. मी मात्र त्याला स्वस्थ ठेवेना. उन्हात नेऊन बघितला, पाणी भरून बघितला, कान धरून गरागरा फिरवला. कान हलला नाही. वरचं टोक गळ्याला आणि खालचं खांद्याला असं बसलं होतं, जणू चंबूबरोबर उगवलेलं. बाहेरून सांध्याचा पत्ता नव्हता. गळ्यातून आत पाहिलं तर अंधार. वैशाख सरेपर्यंत त्याच्याभोवती घुटमळलो, त्याच्याकडे बघून आणखी दोन खेपा वाया घालवल्या आणि मला कळून चुकलं की फोडल्याशिवाय इलाज नाही.

बापाच्या हातचं सगळं फोडलं म्हणून मी लाथा मारल्या होत्या. आता उरलेलं एकच भांडं मी स्वतः फोडणार होतो. पण पावसाळा जवळ येत होता आणि मुकादम माझी जागा जन्मभर धरून ठेवणार नव्हता. सकाळची वेळ होती. आई ओसरीवर राख चाळत होती. मी चंबू पोत्यावर आडवा ठेवला आणि माती ठोकायची थापी उचलली.

"फोडू नको," आई म्हणाली.

"मंग कळन कसं?"

ती चाळणी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलोसुद्धा. तिने पुन्हा राख चाळायला घेतली. मी थापी हाणली.

पोट फुटलं, गळा अखंड राहिला, कान खांद्याच्या तुकड्याला घट्ट धरून होता. मी तो तुकडा उलटा केला. कानाचं मूळ भिंतीला भोक पाडून आत आलं होतं आणि आतल्या बाजूने ते चपटं करून पसरवलं होतं, सदऱ्याच्या गुंडीसारखं. बाहेरून कितीही ओढा, ते निघणार कसं? एवढी साधी युक्ती. मला हसू आलं. त्या चपट्या मातीवर अंगठ्याचा ठसा होता, भाजून पक्का झालेला, रेषा न रेषा दिसत होती. मी त्यावर माझा अंगठा ठेवला. ठसा झाकून माझा अंगठा चारी बाजूंनी बाहेर आला.

बापाचा अंगठा माझ्याहून जाड होता.

मी मान वर केली. आईने हात पदराखाली घेतले होते.

"काहून नाही सांगितलं?" मी ओरडलो. "अख्खा उन्हाळा मी कुत्र्यावानी फिरलो. लोकाइनं राख फेकली माह्या अंगावर. आन तू माती मळत बसली?"

"सांगतलं असतं तं तू शिकला असता," ती म्हणाली. "शिकला असता तं गेला असता. तूच म्हनला नं तेरवीले, एक कान बसला की गेलो."

ती मग हळूहळू बोलायला लागली. मी पळून गेलो त्या साली तिचे हात रिकामे झाले. घरात दोघंच, काम किती असणार. बापाने चाकावर चंबू उतरवायचा आणि तो अर्धवट ओला असताना तिने परसात बसून कान लावायचा. गळा निमुळता, बापाचा हात आत जात नसे. तिचा जायचा. लोक बापाचं नाव घ्यायचे आणि त्याने ते घेऊ दिलं, तिनेही घेऊ दिलं.

मी फुटक्या चंबूचा गळा उचलला आणि त्यात माझा हात घालून पाहिला. बोटांच्या मुळाशीच अडकला. म्हणजे युक्ती कळली आणि तरी ती माझ्या कामाची नव्हती. मी गळा आईपुढे धरला. "दाखव घालून."

तिने पदराखालचा हात बाहेर काढला. मी तो कधी नीट पाहिला नव्हता. गार चिखलात वर्षानुवर्षं घालून बोटांची पेरं सुजून गोळे झाली होती. कासारापुढे बसावं तशी ती बोटं आवळून हात पुढे ढकलायला लागली. गळा पेरांपाशी थांबला. तिने जोर केला, तोंड वाकडं झालं, तरी थांबलाच.

"म्हनून बंद केले चंबू," ती म्हणाली. "त्याइनं कोनाले सांगतलं नाही. माह्या हातापायी झालं म्हनून कोनी बोलाव नाही मले."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुठे जावंसं वाटेना, आणि उभंही राहवेना. मग चाकावरून भांडं कापायचा दोरा घेतला, तिचा हात धरला आणि पेरांवर जिथे सूज जास्त होती तिथे तो गुंडाळून गाठ मारली. तेवढ्या मापाचा गळा ठेवून चाकावर नवा चंबू उतरवला.

तिने तो पाहून नाक मुरडलं. "एवढा मोठा गळा? बंडी हालली की पानी सांडन."

"सांडू दे."

अर्धवट सुकल्यावर मी भोक पाडलं, कानाचं मूळ आत सरकवलं आणि तिने गळ्यातून हात घातला. ती आतून दाबायला लागली आणि मी बाहेरून. मधे ओल्या मातीची पातळ भिंत होती. तिच्या पलीकडून आईचा अंगठा माझ्या अंगठ्यावर आला, तो मला स्वच्छ लागला. या चंबूच्या आधी इतक्या वर्षांत मी तिला हात लावला होता तो फक्त पाया पडताना. माझी बोटं सैल पडली.

"गाडी कवा हाय तुही?" तिने हात तसाच आत ठेवून विचारलं.

"मी नाही जात," मी म्हणालो.

"मंग नीट दाब," आई म्हणाली. "कान हालून राह्यला."